बर्फाखालच्या माशांचा डबा

९ नोव्हेंबर, शनिवार

आज फहदभाईंनी मला दोन थपडा मारल्या. एक ग्राहकासमोर, एक ग्राहक गेल्यावर. दुसरी जोरात होती, पण पहिलीच अजून गालावर आहे असं वाटतं.

ग्राहकाचं नाव अनिल सर. अबुधाबीला अल रीम आयलंडवर राहतात, दुबईत मीटिंगला आले होते म्हणून अल कुसैसला आमच्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानात शिरले. फोनवर बायकोशी मराठीत बोलत होते, म्हणून मीही मराठीतच विचारलं, काय दाखवू. त्यांची मुलगी मिहिका कॅनडात असते. जावई नीरव तिथे गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे पकडतो. सर डिसेंबरमध्ये जाणार आहेत. जावई त्यांना म्हणाला, पप्पा, तुम्ही नुसते खुर्चीत बसा आणि थर्मासमधला चहा ओता. सर मला म्हणाले, "चहा ओतायला मी चौदा तास विमानात बसणार नाही. मला माझा स्वतःचा डबा हवाय. छोटे जिग, रबरी चारा, सगळं."

मी विचारलं, मासा केवढा? त्यांनी हाताचा पंजा पसरून दाखवला. मी खरं ते सांगितलं. आमच्याकडचा सर्वांत लहान जिग, म्हणजे शिशाच्या डोक्याचा गळ, पाच ग्रॅमचा. त्या माशाच्या तोंडात तो मावणार नाही, तेव्हा आमच्याकडे नाही. एवढ्यात मागून थप्पड बसली.

"दुकानात 'नाही' बोलायचं नाही, मास्तर," फहदभाई म्हणाले. मी लिहीत बसतो म्हणून ते मला मास्तर म्हणतात. मग हसून सरांना, "सर, डन. पाच हफ्ते हैं ना? मिल जाएगा, इन्शाल्ला." सर आपल्या बुटांकडे बघत होते.

दुकान हमदुल्ला चाचांचं, ते श्रीवर्धनचे. डोळ्यांत मोतीबिंदू वाढल्यापासून त्यांचे जावई फहदभाईच दुकान चालवतात. चाचांची मुलगी सुरैय्या आपा कॉम्प्युटरवर ऑनलाइन ऑर्डरी बघतात. मी जयगडच्या खाडीवरचा, नववीपर्यंत शिकलेला. शुद्धलेखनात मात्र मला कायम पैकीच्या पैकी. दुकानामागच्या गोदामाच्या माळ्यावर झोपतो.

आपांच्या डाव्या मनगटावर आज निळा पट्टा होता. विचारलं तर म्हणाल्या, रिळांचा खोका अंगावर पडला. तो खोका मी सर्वांत खालच्या फळीवर उतरवून ठेवला.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आपांनी इंटरनेटवर वाचून मला अर्थ सांगितला, मी लिहून घेतला. बर्फाखालचा मासा थंडीने सुस्त असतो. तो चाऱ्यामागे धावत नाही. समोर येऊन बघत राहतो, मग हळूच ओढतो आणि नको वाटलं तर थुंकतो. म्हणून सगळं बारीक पाहिजे. जिगचं डोकं चार मिलिमीटरचं, पण जड, कारण भोकातून लवकर खाली गेलं पाहिजे. शिसं तेवढं जड होत नाही. टंगस्टन होतं. टंगस्टनचे जिग चीनहून मागवायचे ठरले, पंधरा दिवसांत येतील.

आपा म्हणाल्या, "बघ, मासा पण बघत बसतो. पळत नाही."

मी म्हणालो, त्याला थंडीमुळे जमत नसेल. त्या हसल्या नाहीत.

१६ नोव्हेंबर, शनिवार

लिहिताना त्रास होतोय, उजव्या अंगठ्याला पट्टी आहे. चूक कुणाची हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

मी टेबलाशी बसून जुन्या गळांना काचकागदाने धार लावत होतो. एका गळाला लाइन, म्हणजे नायलॉनची दोरी, बांधलेली होती. फहदभाई आले, म्हणाले, बघू मास्तर, मासा कसा लागतो, आणि लाइनला हिसका दिला. गळ अंगठ्यात टोकाजवळच्या उलट्या काट्याच्या वरपर्यंत गेला. मी ओरडलो तशी त्यांनी लाइन आणखी ताणली आणि मला टेबलाभोवती एक फेरी मारायला लावली. ग्राहकही हसले. मी पण हसलो, कारण त्या वेळी तेच बरं वाटलं.

आपांनी पकडीने गळाचं टोक दुसऱ्या बाजूने बाहेर काढलं, काटा तोडला आणि गळ मागे ओढून घेतला. त्यांचा हात अजिबात हलत नव्हता. इतकी सवय कुठून आली, म्हणून मी विचारलं. त्या म्हणाल्या, घरी सगळं करावं लागतं.

आज त्यांनी कॉलर वर केलेली होती. एसीमुळे मान आखडली म्हणाल्या. एसीचं तोंड मी भिंतीकडे फिरवून दिलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

रबरी चारा निवडायचं काम सोपं नाही. दुकानात एकोणीस प्रकार आहेत, सगळे इथल्या गरम पाण्यासाठी. गरम पाण्यात प्रत्येक रबर नाचतं. थंडीत काय करेल ते पाकिटावर लिहिलेलं नसतं. म्हणून मी कोल्ड रूममध्ये परीक्षा घ्यायचं ठरवलं.

कोल्ड रूम गोदामाच्या टोकाला आहे. त्यात विकायचा गोठलेला चारा असतो, तारली, माकूळ, कोळंबी. तापमान उणे अठरा. दार हातभर जाड. बाहेरून दाराला लोखंडी खीळ आहे. ती वरच्या खाचेत अडकवून ठेवतात, दार बंद केल्यावर खाली चौकटीवरच्या पट्टीच्या भोकात सोडतात, म्हणजे दार घट्ट बसतं. आतून एक हिरवा नॉब आहे. तो दाबला की खिळीसकट ती पट्टीच सुटावी अशी कंपनीची सोय आहे, पण त्यावर दोन वर्षांचा बर्फ चढलाय आणि तो हलत नाही. म्हणून आत जाताना प्रत्येकजण दारात तारलीचा क्रेट लावतो. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हीच गोष्ट शिकवतात.

मी बादलीत पाणी गोठवलं, वरच्या बर्फाला स्क्रू ड्रायव्हरने भोक पाडलं आणि एकेक रबर जिगवर चढवून खाली सोडलं. दहा मिनिटं ठेवायचं, मग लाइनला बोटाने हलकं टिचकवायचं आणि टॉर्चने बघायचं. जाड शेपटीचे सगळे प्रकार काठीसारखे झाले. मीठ घातलेले त्याहून वाईट. फक्त दोन पाकिटं पास झाली. एका रबराला दोन बारीक तारांची शेपटी, दुसरं अळीसारखं. ती तार इतक्या थंडीतही थरथरत होती. हात सुन्न झाले होते तरी मला फार आनंद झाला.

अजून एक शिकलो. रबर गळावर वाकडं चढलं तर ते पाण्यात गोल फिरतं आणि मासा घाबरतो. गळाचं टोक नेमक्या मध्यावर बाहेर यायला पाहिजे. गळाची पोकळी रबराने भरून गेली तर मासा तोंडात घेईल पण लागणार नाही.

आपा दारात क्रेटजवळ उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी बरंच विचारलं. दार लावलं तर आतला आवाज बाहेर येतो का? मी दार लावायला सांगून आतून ओरडलो, त्यांना काहीच ऐकू आलं नाही. फोन लागतो का? नाही. टी-शर्टवर माणूस किती वेळ टिकेल? मी म्हणालो, मी जॅकेट घालून वीस मिनिटांत बाहेर येतो, त्यापुढचं मला माहीत नाही. नॉब खरंच चालत नाही? मी दोन्ही हातांनी दाबून दाखवला. माझ्या कामात आजवर इतका रस कुणी घेतला नव्हता.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

आपांचा खालचा ओठ फाटलाय, दोन टाके. बाथरूमच्या टाइल्सवर घसरल्या. मी जुम्म्याच्या नमाजाहून येताना पाय न घसरणारी रबरी मॅट आणली, पंधरा दिरहॅम, म्हणजे साधारण साडेतीनशे रुपये. ती त्यांच्या टेबलाखाली ठेवली.

२ डिसेंबर, सोमवार

नॅशनल डेची सुट्टी असली तरी दुकान दुपारपर्यंत उघडं होतं.

मॅट माझ्याकडून आली हे फहदभाईंना कळलं. त्यांनी मला गोदामात बोलावलं, शटर खाली घेतलं आणि पट्टा काढला. मी मोजत होतो, सव्वीसपर्यंत. मग मोजायचं सुटलं. माझ्या बायकोला काय आणायचं ते मी आणीन, असं म्हणत होते. प्रत्येक फटक्याला एक शब्द. मी खाली पडल्यावर बुटाने बरगडीत मारलं.

त्यांचं बरोबर आहे, मी विचारून आणायला हवी होती. पण पंधरा दिरहॅमच्या मॅटसाठी एवढं का, हे कळत नाही. पालथा झोपून लिहितोय. हमदुल्ला चाचा शटरबाहेर होते. नंतर म्हणाले, "सबर कर, बेटा. त्याचा हात तेज आहे, दिल चांगला आहे." त्यांना दिसत नाही, ऐकू मात्र येतं.

५ डिसेंबर, गुरुवार

टंगस्टनचे जिग आले. साबुदाण्यापेक्षा जरा मोठं डोकं, आणि तळहातावर वजन जाणवतं. पोपटी, गुलाबी, तांबूस आणि अंधारात चमकणारे. बर्फाखाली उजेड कमी, म्हणून चमकणारे निम्मे घेतले. लाइनची गाठ गळाच्या कडीवर कुठे सरकवली तर जिग पाण्यात आडवा राहतो, हे बघण्यात अख्खी दुपार गेली. आडवा राहिला तरच तो किड्यासारखा दिसतो.

कोल्ड रूममध्ये त्याचीच परीक्षा करताना एक वाईट गोष्ट झाली. क्रेट बर्फावरून घसरला आणि दार मागे बंद झालं. खीळ वरच होती, पण दाराचं रबर चौकटीला चिकटलं. चार मिनिटं मी खांद्याने धडका देत होतो. पाठीवरच्या जखमा पुन्हा फुटल्या. पाचव्या मिनिटाला दार सुटलं. बाहेर येऊन गोदामाच्या फरशीवर बसलो आणि दातांचा आवाज थांबेपर्यंत उठलो नाही.

उद्या कुणीही आत मरेल. त्या वेळी खीळ पडलेली असली तर?

६ डिसेंबर, शुक्रवार

नॉब दुरुस्त केला. हेअर ड्रायरने बर्फ वितळवला, स्प्रिंग नवी बसवली, रिळांना लावायचं सिलिकॉन ग्रीस भरलं. थंडीत ते घट्ट होत नाही. खीळ पाडून आतून दहा वेळा दाबून बघितलं, दहाही वेळा पट्टी सुटली. ग्रीसची पाऊण ट्यूब संपली. फहदभाईंना कळलं तर पुन्हा पट्टा निघेल, म्हणून कुणालाच सांगितलं नाही. आपांनाही नाही.

११ डिसेंबर, बुधवार

डबा भरून झाला. बत्तीस जिग, सहा पाकिटं रबर. प्रत्येक खणावर रंग, वजन आणि गळाचा नंबर चिठ्ठीवर लिहून चिकटवला. इंग्रजी स्पेलिंग आपांकडून तपासून घेतलं, एकही चूक निघाली नाही.

आपा म्हणाल्या, कुरिअर नको, शनिवारी तू स्वतः अबुधाबीला जाऊन दे. सरांना कसं वापरायचं तेही समजव. मी म्हणालो, शनिवारी तर स्टॉक मोजायचा असतो, मला फहदभाईंबरोबर कोल्ड रूममध्ये थांबावं लागतं. त्या म्हणाल्या, "मी आहे ना. तू जा. संध्याकाळपर्यंत येऊ नकोस, समुद्र बघ, काहीतरी खा." पन्नास दिरहॅमही दिले.

त्यांचा डावा कान सुजलेला आहे. मी काही विचारलं नाही. मला वाटतं विचारलेलं त्यांना आवडत नाही.

१४ डिसेंबर, शनिवार

बसने दोन तास. अनिल सरांचं घर एकोणतिसाव्या मजल्यावर. त्यांनी डबा उघडला आणि प्रत्येक खणावरची चिठ्ठी वाचली. मग बाथटबमध्ये पाणी भरलं, फ्रीजमधला सगळा बर्फ ओतला आणि आम्ही दोघं गुडघ्यावर बसून जिग हलवत राहिलो. सरांच्या पत्नी दारात येऊन म्हणाल्या, "अहो, जावई काय म्हणेल." सर म्हणाले, "जावई चहा ओतेल." मी इतका हसलो की बरगडी दुखली.

निघताना सरांनी माझी मान बघितली. पट्ट्याचा एक वळ कॉलरच्या वर येतो. ते म्हणाले, "त्या दिवशी दुकानात मी काहीतरी बोलायला हवं होतं." मी म्हणालो, तुमचा काय संबंध, सर. ते म्हणाले, तोच तर प्रश्न आहे. काही लागलं तर फोन कर.

बसमध्ये चाचांचा फोन आला. ते रडत होते. सुरैय्या शिडीवरून पडली, हॉस्पिटलमध्ये आहे. तू सीधा दुकानात ये आणि कुणाशी बोलू नकोस.

१५ डिसेंबर, रविवार

काल काय झालं ते मला फहदभाईंनीच सांगितलं. त्यांच्या दोन्ही हातांना पांढऱ्या पट्ट्या आहेत, बोटांची टोकं निळीजांभळी पडलीत.

ते दुपारी टी-शर्टवर आत स्टॉक मोजत होते. दार बंद झालं. त्यांनी धक्का दिला, दार हललं नाही, कारण बाहेरून खीळ पडली होती. त्यांनी लाथा मारल्या, तारलीचा गोठलेला ठोकळा घेऊन दारावर आपटला, तो फुटला. लोखंडाला चिकटून तळहाताची कातडी निघाली. नॉब मेलेला आहे हे सगळ्यांना माहीत, म्हणून तिकडे ते गेलेच नाहीत. चाळीस मिनिटांनी उभं राहता येईना, तेव्हा पडता पडता नॉबला हात लागला आणि दार उघडलं.

समोर आपा क्रेटवर बसल्या होत्या.

दुकानाच्या भिंतीवर मोठा मासा मारायचा लाकडी सोटा टांगलेला असतो, हातभर लांब, आत शिसं भरलेलं. फहदभाईंनी तो काढला. पुढचं त्यांनी सांगितलं नाही. पण फरशी मीच धुतली. तीन बादल्या पाणी लागलं आणि सोट्यावर केस होते.

मग त्यांनी विचारलं, नॉब कुणी ठीक केला? मला वाटलं आता ग्रीसचं निघणार. मी हो म्हणालो. त्यांनी त्या पट्ट्यांच्या हातांनी मला मिठी मारली आणि कपाळाचा मुका घेतला. "आजपासून तू माझा भाऊ. तू नसतास तर मी खलास होतो."

मी एका माणसाचा जीव वाचवला. अजून विश्वास बसत नाही. आपांवर हात उचलायला नको होता, पण चाळीस मिनिटं थंडीत डोकं जागेवर राहत नसेल. आपांना बहुतेक दार बंद झाल्याचं कळलं नसेल. आवाज बाहेर येतच नाही, हे मीच त्यांना दाखवलं होतं.

१७ डिसेंबर, मंगळवार

हॉस्पिटलमध्ये गेलो होतो. जबडा तारेने बांधलाय, उजवा हात दोन ठिकाणी मोडलाय, तीन बरगड्या. एक डोळा उघडत नाही. दातांतून बोलतात, हळू, पण स्पष्ट.

"नॉब तू दुरुस्त केलास?"

मी हो म्हणालो.

"का?"

"आत कुणी अडकून मरू नये म्हणून, आपा."

त्या माझ्याकडे त्या एका डोळ्याने बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला सांगितलं का नाहीस?" आणि तोंड भिंतीकडे केलं. त्यांच्या खांद्याला कंप होता. मला वाटलं रडतायत. नर्स म्हणाली, हसवू नका त्यांना, तार तुटेल.

आता माळ्यावर बसून ही वही पहिल्यापासून वाचली. मनगट, मान, ओठ, कान. प्रत्येक तारीख माझ्याच अक्षरात आहे. मी खोका खाली ठेवला, एसी फिरवला, मॅट आणली. चोवीस नोव्हेंबरला त्यांनी चार प्रश्न विचारले आणि मी चारही उत्तरं बरोबर दिली.

१९ डिसेंबर, गुरुवार

हॉस्पिटलने पोलिसांना कळवलंय, जखमा शिडीच्या नाहीत म्हणून. काल ते येऊन फहदभाईंचा जबाब घेऊन गेले. फहदभाईंनी पट्ट्या दाखवल्या आणि सांगितलं, बायकोने मला मारायला आत कोंडलं, मी स्वतःला वाचवलं. उद्या दुपारी अधिकारी गोदाम बघायला येणार आणि माझाही जबाब घेणार.

चाचांनी मधला रस्ता काढलाय. फहदभाई तक्रार मागे घेतील, आपांनीही शिडीचंच सांगायचं, आणि बऱ्या झाल्या की घरी जायचं. मी म्हणालो, चाचा, ते मारून टाकतील त्यांना. चाचा म्हणाले, "आणि ती जेलमध्ये गेली तर? खून करायला निघाली होती, बाबा. मी दोन्हींतलं कमी वाईट बघतोय." ते वाईट माणूस नाहीत, हे लिहून ठेवतो.

मी अनिल सरांना फोन केला. ते परवा निघणार आहेत. त्यांनी त्यांच्या ओळखीच्या वकिलाला विचारून परत फोन केला. खीळ कुणी मुद्दाम घातली हे सिद्ध झालं नाही, तर आपांवर काही उभं राहत नाही. मग फक्त सोट्याचं उरतं, आणि ते फहदभाईंचं. सर म्हणाले, "अबुजर, तू फक्त जे खरं माहीत आहे ते सांग." मी हो म्हणालो.

पण जे खरं माहीत आहे ते असं, की ती खीळ आपोआप कधीच पडत नाही. खाच फार खोल आहे.

२० डिसेंबर, शुक्रवार

जुम्म्याला गेलो नाही. शाळा सुटल्यापासून पहिल्यांदा चुकवला. दुकान बंद करून सगळे नमाजाला गेले तेव्हा मी गोदामात होतो.

गळांना धार लावायची सर्वांत बारीक कानस घेतली. खिळीची वरची खाच एका बाजूने उतरती केली, अगदी थोडी थोडी. प्रत्येक वेळी दार आपटून बघायचो. आधी वीस वेळा आपटून एकदाही पडली नाही. मग विसांत तीन. मग अकरा. मग सतरा. जास्त घासली तर खीळ वर राहणारच नाही आणि संशय येईल, म्हणून सतरावर थांबलो. घासलेलं लोखंड चकाकत होतं. त्यावर मिठाचं पाणी लावलं, हेअर ड्रायरने वाळवलं, वर तारलीचं तेल चोळलं. बोटाने चाचपून बघितलं, खाच जुनीच वाटत होती. इतकं नीट काम मी अनिल सरांच्या डब्यातही केलं नव्हतं.

अधिकारी साडेतीनला आले, दोघं. एक हिंदी चांगलं बोलणारे. फहदभाई त्यांच्या मागे उभे होते, माझ्याकडे बघून मान हलवली, भावासारखी.

मी आधी कागद दिला. त्यावर वहीतून उतरवलेल्या सगळ्या तारखा होत्या, आपांना त्या दिवशी कुठे लागलं होतं आणि त्यांनी मला काय कारण सांगितलं होतं ते. शेवटी माझ्या पाठीची तारीख. मी शर्ट वर करून दाखवला. चोवीस नोव्हेंबर कागदावर नव्हता. फहदभाई म्हणाले, "हे काय आहे, मास्तर?" हिंदी बोलणाऱ्या अधिकाऱ्यांनी हात वर करून त्यांना गप्प केलं.

मग त्यांनी खिळीचं विचारलं. मी म्हणालो, सर, ती आपोआप पडते. दार जोरात लागलं की पडते. म्हणूनच मी आतला नॉब दुरुस्त केला.

"झूट," फहदभाई ओरडले. "दोन साल में एक बार नहीं गिरी."

अधिकाऱ्यांनी खीळ वर अडकवली आणि दार लावलं. हलक्या हाताने, जसं कुणी परक्याच्या घरचं दार लावतं. खीळ जागची हलली नाही. त्यांनी पुन्हा लावलं. तरी नाही. फहदभाई हसले.

मी म्हणालो, "सर, असं नाही. फहदभाई लावतात तसं."

"कैसे?"

"दाखवू?"

ते बाजूला झाले. मी दार पूर्ण उघडलं, दोन पावलं मागे आलो, आणि अंगात जेवढं होतं तेवढं सगळं घालून ते आपटलं. गोदाम हादरलं, फळीवरची रिळं खाली आली. खीळ खण्णकन भोकात पडली.

अधिकाऱ्यांनी वाकून बघितलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, फिर से. मी खीळ वर अडकवली, दार उघडलं, आपटलं. पडली. पुन्हा आपटलं. पुन्हा पडली. फहदभाई काहीतरी बोलत होते, पण दाराच्या आवाजात मला शब्द ऐकू येत नव्हते, फक्त तोंड उघडताना आणि मिटताना दिसत होतं. हाताची साल निघाली होती. अंगठ्याची जुनी जखम फुटून मुठीवर रक्त आलं होतं. मी पुन्हा खीळ वर केली.

अधिकारी केव्हाच बस म्हणाले होते. नवव्या वेळी दोघांनी मिळून माझे हात धरले.